टाकळघाटच्या शिळावर्तुळांपासून नायकुंडच्या भट्टीपर्यंत
विदर्भातील महापाषाणीय संस्कृतीकडे, म्हणजे मृतांच्या दफनांभोवती मोठ्या दगडांची वर्तुळे रचणाऱ्या लोकांच्या संस्कृतीकडे, आज पुरातत्त्वाबरोबरच धातुशास्त्र, मानवशास्त्र आणि खगोलशास्त्र यांचेही अभ्यासक वळत असले, तरी या अभ्यासाचा आरंभ विद्यापीठात झालेला नाही. नागपुरात १८४५ पासून राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहून परतत असताना वाटेतल्या पुरात बुडून मरण पावले. त्या काळी गावकरी ही वर्तुळे गवळ्यांनी रचली असे सांगत.

पुढे ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी काटोल मार्गावरील जुनापाणीची वर्तुळे उकरून १८७९ मध्ये त्यांवर लिहिले. काळ्या दगडांचे कडे, आत माती-मुरुमाची भर आणि तिच्याखाली लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, काळी-तांबडी मडकी, असा हा ऐवज. मात्र दफनातील वस्तूंकडेच लक्ष राहिल्याने ही माणसे राहत कोठे होती, हा प्रश्न जवळजवळ शतकभर मागेच पडला.

तो नागपूर विद्यापीठाने हाती घेतला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या उत्खननात खापा येथे दफने, तर जवळच टाकळघाटला वस्ती आढळली, आणि माझ्या मते या संशोधनाचे खरे वळण हेच होय. त्यानंतर माहुरझरीला तांब्याचे अलंकार चढवलेल्या घोड्यांचे अवशेष मिळाले. पेंच नदीकाठच्या नायकुंड येथे, जेथे डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस काम केले, लोखंड गाळण्याची भट्टीच उघडी पडली: मातीच्या बाकदार विटा, भात्याची हवा आत सोडणाऱ्या नळ्या आणि लोहमळी, म्हणजे लोखंड गाळताना उरणारा मळ. या मळीचे पृथक्करण प्रयोगशाळेत झाले, तेव्हा इ.स.पू. पहिल्या सहस्रकातील येथील कारागीर कच्च्या धातूपासून स्वतः लोखंड काढत होता, हे स्पष्ट झाले.

जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले आहेत. त्यांचा सूर्याच्या उगवतीच्या दिशेशी काही संबंध आहे का, हे अलीकडे खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनी तपासून पाहिले. त्यासाठी दगड मूळ जागी असावा लागतो. शेत वाहणाऱ्याला तो वखराच्या आड येणारा धोंडाच वाटतो, यात त्याचा दोष थोडा. परंतु धुऱ्यावर नेऊन लावलेल्या दगडावरचे खळगे मोजता येतात, त्यांची दिशा सांगता येत नाही.