काळ्या मातीची भेग आणि जामठ्याचे ७९

तूर निघाली, पऱ्हाटी उपटली की आमच्याकडचं काळं वावर फाटायला लागतं. एप्रिल सरेपर्यंत भेगांमध्ये मनगटापर्यंत हात जातो. पावसाळ्यात हीच माती चपलेला थरावर थर चिकटते. बेसॉल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, पाणी उडालं की आकसते, आणि ताण सहन झाला नाही की चिरते.

क्रिकेटची खेळपट्टीही चिकणमातीचीच. भिजवायची, वापसा आला, म्हणजे ओल राहिली पण चिखल सरला, की रोलरनं दाबायची, मग दमानं वाळू द्यायची. गवत राखतात कारण मुळं खोलवरची ओल ओढतात आणि पट्टी आतपर्यंत कडक होते. नुसत्या उन्हानं वर पपडी धरते, खाली ओल तशीच. हे शेतकऱ्याला सांगायला नको. कडक पट्टी चेंडूची ऊर्जा कमी खाते, म्हणून उसळी मिळते. वरची माती सुटली की चेंडू तिच्यात पकड घेतो आणि वळतो.

आता दक्षिण आफ्रिकेचा २०१५चा भारत दौरा आठवा. टी-ट्वेंटी मालिका त्यांनी २-० जिंकली, एकदिवसीय ३-२. कसोटीत मात्र ०-३ अशी हार. प्रत्येक प्रकारात संघ थोडे वेगळे होते, तेव्हा सगळं मातीच्या माथी मारता येत नाही. पण टी-ट्वेंटीच्या ४० षटकांत मातीला बदलायला वेळच नसतो. कसोटीत पाच दिवसांचं ऊन आणि बुटांचे खिळे तिला उकलत नेतात.

त्याच मालिकेत नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर तेवढीही वाट पाहावी लागली नाही. २५ नोव्हेंबरला सामना सुरू झाला तेव्हाच पट्टी कोरडी होती आणि चेंडू पहिल्याच दिवशी हातभर वळू लागला. आफ्रिकेचा पहिला डाव ७९ धावांत आटोपला. भारताचा फिरकीपटू अश्विननं सामन्यात १२ बळी घेतले, भारत तिसऱ्या दिवशी १२४ धावांनी जिंकला. चार डावांत एकालाही अर्धशतक गाठता आलं नाही. आयसीसीनं पट्टीवर ‘खराब’ असा शेरा मारला. तो मला रास्त वाटतो. पट्टी दिवसागणिक बदलत जाते, त्यातच कसोटीची खरी गोडी. इथे ती बदलायला उरलीच नव्हती.

माती पट्टीजोगी आहे का, हे पाहायची एक पद्धत इंग्लंडमध्ये आहे: मातीच्या गोळ्या करून वाळवायच्या आणि फुटेपर्यंत भार द्यायचा. गावच्या मैदानावर पट्टी करणाऱ्या पोरांनी हे जरूर करावं. लिंबाएवढ्या गोळ्या सावलीत वाळवा आणि टाचेखाली दाबून पाहा. मुरमाचा लगेच भुगा होईल, चांगल्या काळ्या मातीची गोळी दाद देणार नाही. तीच माती चाळून मुरमावर पसरा, भिजवा, आणि वापसा आल्याशिवाय रोलर घालू नका.