सरकीपासून विष्ठेपर्यंत: विदर्भातल्या जनुकतपासणीची पार्श्वभूमी

बीटी कापूस (अळीला मारणाऱ्या प्रथिनाचं जिवाणूतलं जनुक घातलेला) तपासायच्या पट्टीला दहा मिनिटं पुरतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, शेंड्याचं कोवळं पान छोट्या नळीच्या टोपणात चिमटून गोल तुकडा आत पाडायचा, द्रावण टाकून प्लास्टिकच्या दांडीने चेचायचा आणि पट्टी उभी सोडायची. दोन रेघा उमटल्या तर बीटीचं प्रथिन आहे. वरची एकच उमटली तर पट्टी ठीक आहे, पण प्रथिन सापडलं नाही. एकही उमटली नाही तर पट्टीच वाया गेलेली असते. बियाण्याच्या तक्रारीत गावात हीच पट्टी पुरावा म्हणून पुढे येते. पण पट्टी जनुक बघत नाही, जनुकाने बनवलेलं प्रथिन बघते, आणि तेही पानातलं. गुलाबी बोंडअळीला पानात रस नसतो. ती बोंडात शिरते आणि सरकी खाते. पानातलं उत्तर सरकीला लागू पडतं का, हा प्रश्न विचारला जाईपर्यंत बराच काळ गेला. तो का गेला हे कळायला कापसाच्या जनुकशास्त्राचा मागचा प्रवास माहीत हवा.

आपल्याकडचा देशी कापूस, म्हणजे अर्बोरियम आणि हर्बेशियम, २६ गुणसूत्रांचा. अमेरिकन कापूस, म्हणजे हिर्सुटम, ५२ गुणसूत्रांचा. १९३०च्या दशकात स्कोव्हस्टेड या संशोधकाने अमेरिकन कापसाच्या पेशीत १३ मोठ्या आणि १३ लहान गुणसूत्रांच्या जोड्या वेगळ्या ओळखल्या. मोठ्या जोड्या देशी कापसाच्या कुळाशी जुळत होत्या, लहान जोड्या अमेरिकेतल्या रानटी कापसाशी. त्याच दशकात इंदूरच्या संस्थेत हचिन्सन देशी कापसाच्या जातींची कुळं लावत होते. तेव्हाची सामग्री साधी होती: कळीतले परागकोश, रंगद्रव्य, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक. पण त्यातून एक व्यवहारी गोष्ट पक्की झाली. देशी आणि अमेरिकन कापसाचा थेट संकर केला तर ३९ गुणसूत्रांचं झाड होतं. जोड्या जुळत नाहीत, आणि झाड जवळजवळ वांझ निघतं. काटक देशी झाडाला अमेरिकन धागा लावायचं स्वप्न त्यामुळे दर पिढीत अडकत राहिलं.

मार्ग निघाला तो अमेरिकन कापसाच्या आपसातल्या संकरातून. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हा व्यापारी तत्त्वावरचा जगातला पहिला संकरित कापूस दिला. तंत्र सगळं हाताचं होतं. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी संध्याकाळी निवडायची, नखाने पाकळ्यांसह पुंकेसरांची नळी सोलून काढायची, सकाळी नराचे पराग लावायचे आणि देठाला दोरा बांधायचा. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९चं, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ची. म्हणजे विदर्भात कापसाचं संस्थात्मक संशोधन जोर धरत होतं तेव्हा देश संकरित बियाण्याच्या वाटेला लागलेला होता. जगातले बहुतेक कापूस पिकवणारे देश सरळ वाण (संकर नसलेले, घरचं बी पुन्हा पेरता येणारे) पेरत राहिले. आपण दरवर्षी पाकीट विकत घेऊ लागलो.

मार्च २००२मध्ये बीटीला मंजुरी मिळाली तीही संकरित वाणांनाच. क्राय१एसी हे एकच जनुक. २००६मध्ये त्याच्या जोडीला क्राय२एबी आलं, त्याला शेतकरी ‘बीजी-टू’ म्हणतात. दोन्ही जनुकं संकराच्या एकाच पालकाकडून आली असली, तर शेतातल्या झाडात प्रत्येकाची एकच प्रत असते. झाडाला तेवढ्याने काही फरक पडत नाही. पान, देठ, बोंडाची साल ही सगळी त्या झाडाचीच ऊतकं, त्यामुळे पट्टीवर दोन रेघा येतात.

सरकीचं तसं नाही. सरकीतला गर्भ ही पुढची पिढी असते. कापूस बहुतांशी स्वपरागित आहे, म्हणून एका प्रतीचं झाड स्वतःशी फळलं की मेंडेलचा हिशेब बोंडातच सुरू होतो. एका जनुकासाठी चारातल्या एका सरकीत बीटी नाही. दोन जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असतील तर ९:३:३:१. एका बोंडात ३२ सरक्या धरा: १८मध्ये दोन्ही विषं, ६मध्ये फक्त पहिलं, ६मध्ये फक्त दुसरं आणि २मध्ये काहीच नाही. बोंडातल्या एकाच पाकळीत अळी एका सरकीतून शेजारच्या सरकीत जाते. कधी तिला पूर्ण मात्रा मिळते, कधी निम्मी, कधी शून्य. ज्या अळीकडे प्रतिकाराची एकच प्रत आहे आणि जी पूर्ण मात्रेत मेली असती, ती अशा मिसळीत तगते आणि आपली प्रत पुढे देते. एक पक्का बीटी पालक घेऊन सरळ वाण केला असता तर प्रत्येक सरकीत विष असतं. हे गणित शाळेच्या पुस्तकातलं आहे, तरी मंजुरीच्या काळात सगळी चर्चा झाडाची होत राहिली आणि सरकीपर्यंत फारशी पोचली नाही.

इथे चीनची तुलना डोळे उघडणारी आहे. तिकडे संकरित बीटीची दुसरी पिढी मोठ्या प्रमाणावर पेरली गेली. तोच तीनास एक हिशेब, पण झाडांच्या पातळीवर: चारातलं एक झाड पूर्ण बिगरबीटी. त्या झाडांवर वाढलेले पतंग प्रतिकार नसलेले होते. ते बीटी झाडांवरून वाचलेल्या पतंगांशी जुळले आणि प्रतिकार मागे पडला. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्याकडे हेच काम पाकिटासोबतच्या १२० ग्रॅमच्या वेगळ्या पुडीने करायचं होतं. चारशे पन्नास ग्रॅम बीटी, सोबत बिगरबीटी कापूस किंवा तूर, शेताच्या कडेने निदान पाच तास, म्हणजे पाच ओळी. गावात तिला ‘रेफ्युजी’ म्हणतात. ती बहुतेक वेळा बांधावर टाकली गेली किंवा पेरलीच गेली नाही, कारण पाच तास अळीला द्यायचे ही कल्पना कोरडवाहू एकरात पटवणं सोपं नव्हतं.

पट्टीचा आणखी एक दोष. ती ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढंच सांगते, किती आहे ते सांगत नाही. नागपूरच्या संस्थेत के. आर. क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये दाखवलं की क्राय१एसीचं प्रमाण झाडाच्या वयाबरोबर घसरतं, आणि ११० दिवसांनंतर ते अमेरिकन बोंडअळी या दुसऱ्या अळीसाठी लागणाऱ्या १.९ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम या पातळीच्याही खाली जातं. पानांत ते जास्त, बोंडाच्या सालीत आणि फुलांत सर्वात कमी. म्हणून नोव्हेंबरात वाळत आलेलं पान चेचून फिकी रेघ आली की बियाणं बोगस ठरवू नये, आणि जुलैतली ठसठशीत रेघ पाहून निर्धास्तही राहू नये. मोजणी हवी असेल तर एलायझा ही प्रथिनाचं प्रमाण सांगणारी प्रयोगशाळेतली चाचणी करावी लागते.

अळीची तपासणी तर अजून वेगळी. डोमकळ्या (आत अळी असल्याने नीट न उमललेली फुलं) आणि किडकी बोंडं गोळा करायची, अळ्यांची पुढची पिढी प्रयोगशाळेत कृत्रिम खाद्यावर वाढवायची, खाद्यात विषाच्या चढत्या मात्रा मिसळायच्या आणि निम्म्या अळ्या कोणत्या मात्रेला मरतात ते काढायचं. गुजरातेत २००८मध्ये गोळा केलेल्या अळ्यांत क्राय१एसीचा प्रतिकार असाच सापडला. त्यानंतर जनुकवाचन झालं. विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांत या एका जनुकाच्या आठ वेगवेगळ्या मोडक्या आवृत्त्या निघाल्याचं २०१४च्या अभ्यासात दिसलं. याचा अर्थ कुलूप एकच होतं, पण ते आठ ठिकाणी आठ तऱ्हेने बिघडलं होतं. म्हणून ‘एक खूण शोधणारी’ स्वस्त पीसीआर (डीएनएचा हवा तेवढा तुकडा कित्येक पटींनी वाढवून दाखवणारी) चाचणी इथे भरवशाची ठरत नाही, आणि खाद्यावरची कंटाळवाणी चाचणी अजून सुटलेली नाही. फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात उभी ठेवलेली पऱ्हाटी) ठेवली, जिनिंगमध्ये सरकी उन्हाळाभर पडून राहिली, की हीच अळी सुप्तावस्थेत पुढच्या हंगामात उतरते.

पट्टीऐवजी झाडाचं जनुकच बघायचं तर पानातून डीएनए काढावा लागतो, आणि ते काम वाटतं तितकं सरळ नाही. कापसात गॉसिपॉल आणि इतर फिनॉलं भरपूर असतात. पान चेचलं की ती हवेशी संयोग पावून तपकिरी होतात आणि डीएनएला चिकटून बसतात. यावर १९८०च्या दशकात रूढ झालेली सीटीएबी (साबणासारखं एक रसायन) पद्धत चालते. सुमारे १०० मिलिग्रॅम कोवळं पान द्रव नायट्रोजनमध्ये पिठासारखं दळायचं. वितळू द्यायचं नाही, वितळलं की तपकिरी झालंच. मग ६५ अंशांवर गरम केलेलं द्रावण: २ टक्के सीटीएबी, १.४ मोलर मीठ, ट्रिस, ईडीटीए, १ ते २ टक्के पीव्हीपी आणि ऐन वेळी घातलेलं मर्कॅप्टोइथेनॉल. मिठाने चिकट शर्करा द्रावणात राहते, पीव्हीपी फिनॉलं धरून ठेवतं, मर्कॅप्टोइथेनॉल त्यांना काळवंडू देत नाही. अर्धा-पाऊण तास ६५ अंशांवर ठेवून क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४:१ घालायचं, फिरवायचं, वरचा थर घ्यायचा आणि थंड आयसोप्रोपेनॉलने डीएनए खाली बसवायचा. गोळी जेलीसारखी दिसली तर शर्करा राहिली, तपकिरी दिसली तर फिनॉल राहिलं. दोन्हीत पीसीआरचं विकर थबकतं आणि निकाल ‘बीटी नाही’ असा दिसतो. म्हणून प्रत्येक नमुन्यात कापसाचं स्वतःचं एक जनुकही सोबत तपासतात. तेही उमटलं नाही तर निकाल देऊ नये, डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावावा. बरेचदा तेवढ्यानेच काम होतं, कारण अडथळा आणणारी फिनॉलंही दहापट कमी होतात.

विदर्भात माणसाच्या जनुकतपासणीचा रस्ता सिकलसेलने, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराने, आखला. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तोवर पॉलिंगने १९४९मध्ये विद्युतक्षेत्रात सिकलसेलचं हिमोग्लोबिन वेगळं सरकतं हे दाखवलं होतं, आणि इनग्रॅमने १९५७पर्यंत एका अमिनो आम्लाचा फरक शोधला होता: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. जनुकात तो एका अक्षराचा बदल आहे, जीएजीचं जीटीजी. १९८५मध्ये पीसीआरचा पहिला प्रसिद्ध झालेला वापर याच आजारासाठी होता. गडचिरोली-मेळघाटातल्या आजाराने जगभरच्या प्रयोगशाळांतलं हे तंत्र घडवलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण नातं जवळचं आहे.

गावातली पहिली चाचणी मात्र अजून विद्राव्यतेची. दोन मिली द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त, पाच मिनिटं थांबायचं, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. ही चाचणी वाहक (बदललेल्या जनुकाची एकच प्रत असलेला) आणि रुग्ण (दोन्ही प्रती बदललेला) यांत फरक करत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असल्याने ती चुकते. तीव्र रक्तक्षयात पुरेसं हिमोग्लोबिनच नसतं म्हणून चुकते. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसात तर दात्याचंच रक्त तपासलं जातं. उन्हात राहिलेलं द्रावणही दगा देतं. पॉझिटिव्ह आला की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी, झालीच पाहिजे.

डीएनए चाचणीत पीसीआरने तो तुकडा वाढवून डीडीई-वन हे विकर लावतात. ते निरोगी जनुक त्या जागी कापतं, बदललेलं कापत नाही. निरोगी माणसाचे तुकडे लहान, रुग्णाचा तुकडा मोठा, वाहकात दोन्ही. इथली नेहमीची चूक म्हणजे अर्धवट कापणी. विकर कमी पडलं की निरोगी माणूस वाहक दिसतो. प्रत्येक खेपेला माहीत असलेला निरोगी नमुना सोबत लावला तर ही चूक पकडता येते. रक्त ईडीटीएच्या नळीत घ्यावं. रक्त गोठू नये म्हणून काही नळ्यांत असतं ते हेपरिन पीसीआर बंद पाडतं. आणि समुपदेशनात एक वाक्य पुन्हा पुन्हा सांगावं लागतं: दोघं वाहक असतील तर ‘चारातलं एक’ हा हिशेब प्रत्येक गरोदरपणात नव्याने लागतो. पहिली तीन चांगली झाली म्हणून चौथं आजारी येईल असं नाही, आणि पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली असंही नाही.

ताडोबा-मेळघाटातल्या वाघाचं रक्त कोण काढणार? तिथे विष्ठा. आतड्याच्या पेशी विष्ठेच्या बाहेरच्या, चकाकणाऱ्या थरावर असतात, आत चितळ-सांबराचा डीएनए आणि केस. म्हणून वरचा थर खरवडून घ्यायचा, शुद्ध अल्कोहोलात किंवा सिलिका जेलवर ठेवायचा. मे महिन्यातल्या उन्हात डीएनए लवकर तुटतो, पावसात धुऊन जातो. हिवाळ्याचे महिने बरे. आधी वाघ की बिबट हे मायटोकाँड्रियाच्या जनुकाने ठरवायचं, मग सूक्ष्म पुनरावृत्तींवरून (डीएनएत पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) कोणता वाघ ते. थोड्या डीएनएत दोनपैकी एकच प्रत वाढते आणि एकच वाघ दोन वाघ भासतो. हाच नमुना तीन-चारदा चालवण्याचा खर्च त्यामुळे टाळता येत नाही.

संत्र्यात गंमत वेगळी. संत्र्याचं कलम ज्या खुंटावर बांधतात त्या रंगपूर लिंबू किंवा जंबेरीच्या एका बीतून दोन-तीन रोपं येतात. बहुतेक आईच्या पेशीपासूनची, हुबेहूब आई. एखादं परागातून आलेलं, बेभरवशाचं. वरुड-मोर्शीकडचे रोपवाटिकाधारक उंची आणि पानावरून वेगळं दिसणारं रोप उपटतात, ते शास्त्राला धरूनच आहे. या गुणामागचं जनुक २०१७मध्ये शोधलं गेलं. संत्र्याची पानं पिवळी पाडणाऱ्या ग्रीनिंग रोगाचा जीवाणू मात्र आजही प्रयोगशाळेतल्या माध्यमावर नीट वाढवता येत नाही, म्हणून पीसीआरशिवाय इलाज नाही. तो झाडात सारखा पसरलेला नसतो, आणि जस्ताच्या कमतरतेचं पानही तसंच पिवळं दिसतं. नमुना झाडाच्या चारही बाजूंनी, पानाच्या देठाचा आणि मधल्या शिरेचा घ्यावा लागतो. एका फांदीच्या पात्यावरून आलेला ‘निगेटिव्ह’ त्या एका फांदीपुरताच असतो.