डाळीचा भाव आणि सातवा टेक

सांगलीच्या गणपती पेठेतील एका किराणा दुकानात गेल्या थंडीत काही महाविद्यालयीन विद्यार्थी सहा मिनिटांचा कन्नड लघुपट चित्रित करीत होते, आणि एका साध्या वाक्यावर सारे घोडे अडले होते. गटातील बहुतेकांची मातृभाषा मराठी होती आणि कन्नडचे धडे त्यांनी जेमतेम चार महिन्यांपूर्वी गिरवायला घेतले होते. वाक्य एवढेच होते : ‘बेळॆ बॆलॆ ऎष्टु?’ म्हणजे ‘डाळीचा भाव काय?’ गिऱ्हाइकाचे काम करणारी मुलगी ते न अडखळता म्हणत होती आणि दिग्दर्शकही खूश होता. पण जत तालुक्यातून आलेली, घरी कन्नड बोलणारी त्यांची मैत्रीण दर वेळी मान हलवीत होती. ‘अगं, तू डाळीचा नाही, पिकाचा भाव विचारते आहेस,’ असे तिने अखेर सांगितले, तेव्हा सातवा टेक संपला होता. भाषाशिक्षणात मला रस असल्यामुळे मी दुकानाच्या कोपऱ्यात, गुळाच्या ढेपांशेजारी, हे पाहत उभा होतो.

मराठीत ‘ए’ हा एकच स्वर आहे. तो कधी थोडा आखूड, तर कधी थोडा लांब उच्चारला जातो. पण त्यामुळे शब्दाचा अर्थ बदलत नाही. कन्नडमध्ये मात्र ऱ्हस्व ‘ऎ’ आणि दीर्घ ‘ए’ हे दोन स्वतंत्र स्वर असून त्यांना स्वतंत्र अक्षरे आहेत. ऱ्हस्व स्वर देवनागरीत दाखविण्यासाठी मात्रेला वेगळे वळण द्यावे लागते, आणि तेच चिन्ह या लेखात वापरले आहे. पहिला स्वर दीर्घ उच्चारला की ‘बेळॆ’, म्हणजे डाळ; तोच ऱ्हस्व उच्चारला की ‘बॆळॆ’, म्हणजे शेतातले पीक; आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ आला की ‘बॆलॆ’, म्हणजे किंमत. ‘पिकाचा भाव काय?’ हा प्रश्नही सांगलीच्या बाजारात अगदी शोभणारा असल्यामुळे चूक व्याकरणाने पकडली जात नाही आणि अर्थानेही नाही. ती फक्त कानाने पकडावी लागते. ऱ्हस्व-दीर्घाचे भांडण मराठी माणूस आयुष्यभर कागदावर भांडत आलेला असतो, आणि तोंडाने ते भांडायची वेळ आली की तो गोंधळतो, हे मी स्वतःवरूनही सांगू शकतो.

हा गोंधळ आळसातून येत नाही, त्याची मुळे पाळण्यात आहेत. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी भाषक घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ ऐकविले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा भेद सहज कळत होता; पण वर्षाच्या आसपास पोहोचलेल्या बाळांना तो जवळजवळ कळेनासा झाला होता. आपल्या भाषेत ज्या भेदाला काम नाही, त्याकडे दुर्लक्ष करायला मेंदू पहिल्या वर्षातच शिकतो. एरवी ही मोठी सोय आहे, कारण त्यामुळेच आपण वेगवेगळ्या गळ्यांतून आलेला एकच शब्द झटकन ओळखतो. पुढे दुसरी भाषा शिकू लागल्यावर मात्र हीच सोय आडवी येते. सातव्या टेकपर्यंत त्या मुलीला स्वतःची चूक ऐकूच येत नव्हती, आणि जे ऐकू येत नाही ते सुधारता येत नाही.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘त्या भाषेतले चित्रपट भरपूर पाहा’. तो अगदीच वाया जाणारा नाही. मोठ्या माणसांचा शब्दसंग्रह आणि भाषेच्या लयीची ओळख पाहण्या-ऐकण्यातून वाढते. पण पडद्यापुढे नुसते बसण्याच्या मर्यादा दाखविणारा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा बैठकांत चिनी मँडरिन भाषा ऐकविली. ज्या बाळांशी माणसे समोर बसून खेळली व बोलली, त्यांना मँडरिनमधील ध्वनिभेद कळू लागले. ज्यांना तीच सामग्री पडद्यावर दाखविली, त्यांना ते कळले नाहीत. बाळांवरचा निष्कर्ष जसाच्या तसा महाविद्यालयीन मुलांना लावता येणार नाही. तरीही चित्रपट पाहताना कथानक आपल्याला पुढे ओढून नेते, चार शब्द निसटले तरी चित्रावरून प्रसंग उलगडतो आणि आपण समाधानाने उठतो, हा अनुभव सगळ्यांचाच आहे. चित्रपट तयार करताना मात्र निसटलेला शब्द वाट अडवून उभा राहतो.

या अडवणुकीला भाषाशिक्षणाच्या शास्त्रात महत्त्वाचे स्थान आहे. कॅनडात इंग्रजी भाषक मुलांना वर्षानुवर्षे फ्रेंच माध्यमातून शिकविले जात असे. ही मुले फ्रेंच उत्तम समजून घेत, पण बोलताना व लिहिताना त्यांच्या व्याकरणाच्या चुका काही जात नसत. त्यांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये असे मांडले की, समजून घेणे आणि स्वतः वाक्य घडविणे ही दोन वेगळी कामे आहेत. ऐकताना संदर्भावरून अर्थ लावून व्याकरणाला बगल देता येते. वाक्य घडविताना मात्र विभक्ती, लिंग आणि क्रियापदाचे रूप यांचा निर्णय करावाच लागतो, आणि तो करता आला नाही की आपल्याला नेमके काय येत नाही ते कळते.

सांगलीच्या या गटाला ते पटकथा लिहितानाच कळले. ‘माझ्याजवळ चिल्लर नाही’ हे वाक्य त्यांना फुकटात मिळाले. ‘नन्न हत्तिर चिल्लरॆ इल्ल’ यात शब्दांचा क्रमही मराठीचाच आहे आणि चिल्लरही आपलीच आहे. ‘मला डाळ हवी’ हेही ‘ननगॆ बेळॆ बेकु’ असे सरळ उतरले. त्यामुळे मराठीवर कन्नड शब्द चिकटविले की काम भागते, असा त्यांचा समज झाला आणि पुढच्याच वाक्याने तो मोडला. ‘डाळ महाग झाली आहे’ असे लिहिताना ‘झाली’साठी त्यांनी कन्नडमधील स्त्रीलिंगी रूप शोधून काढले आणि ‘बेळॆ दुबारि आगिद्दाळॆ’ असे लिहिले. मराठीत खुर्चीही स्त्रीलिंगी आणि डाळही स्त्रीलिंगी. कन्नडमध्ये स्त्रीलिंग साधारणपणे बायकामुलींसाठी आणि देवींसाठी राखलेले असते, वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी असतात. तेथे ‘आगिदॆ’ हवे होते. जतची मैत्रीण हसून म्हणाली की, या वाक्यात डाळ कुणाची तरी मुलगी झाली आहे. हाच नियम त्यांनी वहीत उतरविला होता आणि चाचणीत त्यावर गुणही मिळविले होते, हे विशेष. नियम माहीत असणे आणि तो ऐन वेळी आठवणे यांतील अंतर त्या एका ओळीने दाखवून दिले.

संवाद पाठ करण्याविषयी मात्र पालक आणि शिक्षक दोघेही नाक मुरडतात. घोकंपट्टी ती घोकंपट्टी, असे त्यांचे म्हणणे असते. ते अर्धेच खरे आहे. हेनरी रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये दाखविले की, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर तो अधिक आठवतो. पण आठवड्यानंतर विचारले असता, ज्यांनी तो पुन्हा न वाचता आठवून पाहिला होता, ते पुढे असतात. रिटेक म्हणजे नेमके हेच आहे. हातातला कागद बाजूला ठेवून ओळ आठवावी लागते, मध्ये प्रकाशयोजना बदलते, कुणी तरी मोटारसायकल मध्येच आणतो, पंधरा मिनिटे जातात आणि तीच ओळ पुन्हा आठवावी लागते. शिवाय मोठ्याने उच्चारलेले शब्द मनात वाचलेल्या शब्दांपेक्षा अधिक लक्षात राहतात, हे कोलिन मॅकलाउड यांच्या प्रयोगांतून पुढे आले आहे. हेल्गा आणि टोनी नॉइस यांना नटांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास करताना असे आढळले की, सरावलेले नट ओळी घोकत नाहीत. हे पात्र हे वाक्य कशासाठी म्हणते आहे याचा ते शोध घेतात, आणि हालचालीसह म्हटलेली वाक्ये त्यांना अधिक टिकून आठवतात. पिशवी पुढे करीत म्हटलेले ‘बेकु’ आणि हात आडवा हलवीत म्हटलेले ‘बेड’, म्हणजे ‘नको’, हे शब्द त्या मुलीच्या हातांनाही पाठ झाले होते.

माझ्या मते सर्वांत मोलाचे काम चित्रीकरणानंतर, संकलनाच्या टेबलावर झाले. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून कानात येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो आणि हाडे खालच्या पट्टीतील ध्वनी अधिक पोहोचवितात; म्हणूनच ध्वनिमुद्रणातला स्वतःचा आवाज पातळ आणि परका वाटतो. हा परकेपणा येथे उपयोगी पडला. बोलताना लक्ष आशयावर, समोरच्या माणसावर आणि कॅमेऱ्यावर वाटलेले असते. स्वतःच्या स्वराच्या लांबीसाठी काही उरत नाही. टेबलावर मात्र ती मुलगी स्वतःला एखाद्या त्रयस्थाप्रमाणे ऐकू लागली. त्यात आणखी एक सोय होती. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा आलेख डोळ्यांना दिसतो. सेकंदाला चित्राच्या 25 चौकटी (फ्रेम) धरल्या तर एक चौकट 40 मिलिसेकंदांची होते. जतच्या मैत्रिणीने म्हटलेल्या ‘बेळॆ’मधील पहिला स्वर ‘बॆळॆ’मधील स्वराच्या जवळपास दुप्पट जागा व्यापत होता, आणि दुकानातल्या मुलीचे दोन्ही स्वर सारख्याच लांबीचे होते. जो भेद कानाला महिनोन्महिने सापडला नव्हता, तो आधी डोळ्यांना दिसला आणि मग कानाला ऐकू आला. भाषेच्या वर्गात असा आलेख दाखविणे अवघड नाही. पण स्वतःच्या ओळीचे आणि स्वतःच्या चित्रपटाचे काही बिघडते आहे, ही तळमळ वर्गात कुठून आणणार?

पेठेतील गोंगाटामुळे नंतर काही संवादांचे डबिंग करावे लागले, आणि ती शिक्षा नसून तालीम ठरली. ध्वनी चित्राच्या पुढे साधारण 45 मिलिसेकंद किंवा मागे 125 मिलिसेकंद गेला की प्रेक्षकाला विसंगती जाणवू लागते, असे प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत नमूद आहे. मागे राहिलेला आवाज आपण अधिक खपवून घेतो, कारण निसर्गातही प्रकाश आधी पोहोचतो आणि आवाज मागून येतो. अखेरच्या टेकमध्ये जतच्या मैत्रिणीच्या मागोमाग म्हणून ओळ नीट साधली होती. डबिंगच्या वेळी ती पुन्हा आखूड झाली की पुढचे सगळे शब्द ओठांच्या पुढे पळत आणि पडदाच चूक दाखवून देई. त्यासाठी शिक्षकाची गरज उरली नाही.

कोणाची कन्नड बोलायची, हा प्रश्नही वाटेत आला. पाठ्यपुस्तकात ‘हौदु’, म्हणजे ‘होय’, आणि ‘ऎष्टु’, म्हणजे ‘किती’, असते. विजयपूर-बेळगावकडचे गिऱ्हाईक आदराचा ‘री’ जोडून ‘हौद्री’, ‘ऎष्ट्री’ म्हणते. मिरजेच्या दवाखान्यांत आणि सांगलीच्या बाजारात ऐकू येते ती हीच कन्नड, म्हणून गटाने संवाद तसे बदलले. पुस्तकी भाषेचा आग्रह धरणाऱ्या माझ्यासारख्याचा विरोध त्यांनी मोडून काढला, आणि त्यांचे बरोबर होते.

या पद्धतीतील उणिवाही त्याच दुकानात उघड्या पडल्या. पडद्यावर बोलणारे तिघे शिकत होते. कॅमेरा, ध्वनी आणि प्रकाश सांभाळणारे पाच जण मराठीतच काम करीत होते आणि त्यांच्या पदरात फारसे काही पडत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून चित्रीकरणाच्या सूचनाही कन्नडमध्ये देण्याचे ठरले : शांततेसाठी ‘सुम्मनिरि’, थांबण्यासाठी ‘निल्लिसि’ आणि रिटेकसाठी ‘मत्तॊम्मॆ’. शेवटचा शब्द ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाच्या तोंडी इतका बसला की तो चहाच्या टपरीवरही दुसरा कप ‘मत्तॊम्मॆ’ म्हणूनच मागू लागला, जे बरोबर नव्हते, पण समजण्यासारखे होते.

दुसरी उणीव अधिक गंभीर होती. दुकानदार स्वतः कन्नड जाणणारा होता. एका टेकमध्ये तो संहिता विसरला आणि सवयीने विचारून गेला, ‘ऎष्टु बेकु? अर्ध किलोना, ऒंदु किलोना?’, म्हणजे ‘किती हवी? अर्धा किलो की एक किलो?’ प्रश्नातला प्रत्येक शब्द मुलीला येत होता. तरीही ती गप्प उभी राहिली, कारण तो प्रश्न तिच्या कागदावर नव्हता. पाठ केलेले बोलणे आणि सुचलेले बोलणे यांतील दरी केवळ रिटेक वाढवून भरत नाही.

त्यावरचा उपाय सांगलीच्याच इतिहासात सापडला. कर्नाटकातून आलेल्या, पौराणिक नाटके करणाऱ्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसे खेळ मराठीत करण्यास सांगितले, आणि 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीता स्वयंवर’ सादर झाले. भावे यांच्या नाटकांत कथेची पदे बांधलेली असत आणि सूत्रधार ती गात असे. पात्रांची भाषणे मात्र बरीचशी उत्स्फूर्त असत. गटाने तीच युक्ती उचलली. नव्या संहितेत प्रसंग लिहिलेला होता, पहिली ओळ लिहिलेली होती आणि त्याखाली चार ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. दुकानदाराला हवे ते विचारण्याची मुभा होती. त्याने या वेळी डाळ सोडून गुळाचीच चौकशी केली. मुलगी दोन क्षण थांबली, मग म्हणाली, ‘बॆल्ल बेड, बेळॆ बेकु’, म्हणजे ‘गूळ नको, डाळ हवी’. ‘बेळॆ’मधील पहिला ‘ए’ तिने एवढा ताणला की दुकानदारालाही हसू आले. ध्वनीवाल्याने ‘मत्तॊम्मॆ’ म्हणण्यासाठी तोंड उघडले होते. दिग्दर्शकाने त्याला हातानेच थांबविले आणि तो टेक चित्रपटात तसाच राहिला.