औषधाचा नेम आणि चेहऱ्यावरचे पुरळ

उंदराच्या नवजात पिलांना लाळग्रंथींचा अर्क टोचला की त्यांच्या पापण्या वेळेआधीच उघडतात, या निरीक्षणाचा पाठपुरावा करताना स्टॅनली कोहेन यांना एक प्रथिन सापडले. ते बाह्यत्वचेच्या पेशींना वाढीचा संदेश देते, म्हणून त्याचे नाव पडले ‘एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर’. कोहेन यांना १९८६ साली रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे हा संदेश स्वीकारणारे ‘ईजीएफआर’ हे ग्राही प्रथिन फुप्फुसाच्या आणि मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांच्या वाढीतही सामील असल्याचे दिसून आले, आणि त्याला रोखणारी सेटुक्सिमॅब, पॅनिटुमुमॅब, एर्लोटिनिब यांसारखी औषधे तयार झाली.

मात्र हे ग्राही मुळात त्वचेचे आहे. बाह्यत्वचेच्या तळाच्या थरात आणि केसांच्या मुळांशी त्याचे काम अखंड चालू असते. त्यामुळे औषध अर्बुदातील, म्हणजे कर्करोगाच्या गाठीतील, ग्राही बंद करते, तेव्हा त्वचेतीलही बंद करते, आणि उपचार सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांतच चेहरा, डोक्याची त्वचा, छाती व पाठ यांवर पू असलेल्या, खाजणाऱ्या पुटकुळ्या उठतात. त्या मुरुमांसारख्या दिसत असल्या तरी मुरुमे नव्हेत. मुरुमांवरची त्वचा कोरडी पाडणारी मलमे स्वतःहून लावल्यास आधीच दुबळी झालेली त्वचा अधिक सोलवटते. पुरळ ओसरू लागते तोवर कोरडेपणा, बोटांच्या टोकांना भेगा आणि नखुरडे सुरू झालेले असते. शर्टाचे बटण लावणेही किती दुखते, हे भोगणाऱ्यालाच कळते.

शरीरातील गाठ कोणाला दिसत नाही, चेहरा मात्र सर्वांना दिसतो. हे पुरळ संसर्गजन्य नाही, तरीही समोरचा माणूस किंचित मागे सरकतो, आणि ज्याला आपला आजार खाजगी ठेवायचा होता त्याला तो दर वेळी समजावून सांगावा लागतो. अशा वेळी ‘पुरळ आले म्हणजे औषध लागू पडते आहे’ असा दिलासा दिला जातो. त्यात तथ्य आहे, कारण अनेक अभ्यासांत ठळक पुरळ आलेल्या रुग्णांना सरासरीने औषधाचा लाभ अधिक झालेला आढळला. पण पुरळ न आलेल्याचे औषध वाया गेले, असा अर्थ त्यातून निघत नाही, आणि त्रास निमूट सोसावा असा तर मुळीच नाही.

कारण तो बराचसा टाळता येतो. पॅनिटुमुमॅब घेणाऱ्या ९५ रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला पुरळ उठण्याची वाट न पाहता आधीपासूनच मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, सौम्य स्टेरॉइड मलम आणि डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या गेल्या. मध्यम किंवा तीव्र त्वचाविकार या गटात २९ टक्के रुग्णांना झाले, तर त्रास झाल्यावरच उपाय केलेल्या गटात ६२ टक्के रुग्णांना. डॉक्सिसायक्लिन येथे मुख्यतः दाह शमवण्यासाठी असते, पण तिच्यामुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते, म्हणून सनस्क्रीनमध्ये हयगय चालत नाही. सावळ्या त्वचेवर पुरळ गेल्यानंतरही काळपट डाग महिनोन्महिने राहतात, आणि ऊन त्यांना गडद करते.

डाग झाकण्यासाठी सुगंधविरहित प्रसाधन वापरायला सहसा हरकत नसते, ते घासून न काढता हलक्या हाताने पुसावे इतकेच. औषध बंद होईल या भीतीने पुष्कळजण पुरळ डॉक्टरांपासून लपवतात. वास्तविक उशीर झाल्यानेच मात्रा कमी करण्याची किंवा औषध काही दिवस थांबवण्याची वेळ येते. ताप, पिवळ्या खपल्या किंवा डोळ्यांची लाली दिसल्यास पुढच्या भेटीपर्यंत थांबू नये.

डोळ्यांबाबत आणखी एक गोष्ट बहुधा आधी कोणी सांगत नाही. काही महिन्यांनी पापण्यांचे केस लांब आणि कुरळे होऊ लागतात. पाहणारे कौतुक करतात, पण तेच केस आत वळून बुबुळाला घासू लागले, तर ते नेत्रतज्ज्ञांकडून कापून घ्यावे लागतात.