‘व्हेरिफाइड’ रिव्ह्यूमध्ये नेमके काय व्हेरिफाय होते?

मे महिन्यात दिवेआगरला किंवा तारकर्लीला खोली शोधताना हल्ली आधी तारे बघितले जातात, मग भाडे. रिव्ह्यूखाली ‘व्हेरिफाइड’ दिसले की निम्मी शंका तिथेच मिटते. या शब्दाचा प्रवास मात्र सरळ नाही.

पूर्वी लॉजच्या काउंटरवर अभिप्राय वही असायची, पेन दोऱ्याने बांधलेले. वही मालकाच्या ताब्यात, त्यामुळे तिच्यातले कौतुक किती मनावर घ्यायचे हे सगळ्यांना ठाऊक होते. 2000 साली अमेरिकेत सुरू झालेल्या एका संकेतस्थळाने ती वही मालकाच्या हातून काढून घेतली. तेही ठरवून नव्हे. सुरुवातीला तिथे प्रवासी पुस्तकांतला आणि वर्तमानपत्रांतला मजकूर गोळा केलेला असे, बाजूला ‘तुम्हीही लिहा’ असे एक बटण. बटणानेच बाजी मारली. मुक्कामाची पावती मात्र कोणी मागत नव्हते.

ही गोष्ट दहाएक वर्षे चालून गेली. फेब्रुवारी 2012 मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने या संकेतस्थळाला बजावले, की सगळे रिव्ह्यू खऱ्या प्रवाशांचे, प्रामाणिक आणि विश्वासार्ह आहेत असा दावा करू नका. तक्रारदारांत दोन हॉटेले होती. 2014 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन संकेतस्थळे शेजारी ठेवून पाहिली. एकावर कोणीही लिहू शकत होता, दुसऱ्यावर तिथूनच पैसे भरून राहिलेलाच. जिथे कोणालाही मुभा होती, तिथे स्वतंत्र मालकीच्या छोट्या हॉटेलांना पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू जास्त मिळालेले दिसले आणि त्यांच्या शेजारच्या हॉटेलांना एक-दोन ताऱ्यांचे, म्हणजे वाईट, रिव्ह्यू जास्त. शेजारधर्म, दुसरे काय! 2017 मध्ये लंडनमधल्या एका परसातली शेड, जी खाणावळ मुळात नव्हतीच, खोट्या रिव्ह्यूंच्या जोरावर शहरातल्या उपाहारगृहांच्या यादीत पहिली आली.

तेव्हापासून सगळा भर पडताळणीवर आला आणि इथेच गुंता झाला. बुकिंगच्या संकेतस्थळावर ‘व्हेरिफाइड’ म्हणजे खोली इथून बुक झाली, मुक्काम झाला. दुसरीकडे त्याचा अर्थ एवढाच, की लिहिणाऱ्याचा फोन नंबर किंवा ईमेल चालू आहे. चादर धुतलेली होती का, गरम पाणी आले का, हे दोन्हींत कोणी तपासलेले नसते. वाचणारा मात्र नेमके तेच तपासले आहे असे धरून चालतो. युरोपीय संघाने मे 2022 पासून निदान एवढे सक्तीचे केले, की रिव्ह्यू खऱ्या ग्राहकांचेच आहेत याची खात्री तुम्ही करता का आणि कशी, ते विक्रेत्याने सांगायचे.

आपल्याकडे नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000:2022 हे भारतीय मानक आले. आंतरराष्ट्रीय मानक त्याआधी, 2018 पासूनच होते. भारतीय मानकात लिहिणाऱ्याची ओळख पटवण्याचे मार्ग दिले आहेत: ईमेल, फोन किंवा एसएमएस, लिंकवर क्लिक, कॅप्चा (लिहिणारा यंत्र नव्हे, माणूस आहे हे पाहणारी छोटी चाचणी). विकत घेतलेले किंवा त्यासाठी नेमलेल्या माणसांकडून लिहून घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, असेही आहे. पण मानक ठेवले ऐच्छिक. बाजूने युक्तिवाद असा, की आधी कंपन्यांना सवय होऊ द्या, धाक नंतर. ज्यांचा धंदा ताऱ्यांवर चालतो त्यांनी ताऱ्यांची शिस्त आपणहून लावून घ्यावी, ही अपेक्षा भाबडीच होती. मे 2024 मध्ये खोटे रिव्ह्यू थांबलेले नाहीत हे मान्य करून मानक सक्तीचे करण्याचा प्रस्ताव सरकारी खात्यानेच पुढे आणला. त्याच वर्षी अमेरिकेने रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर बंदीचा नियम केला.

या चर्चेत ‘घरगुती राहण्याची सोय’ अशी पाटी लावणारा कोकणातला मालक कुठे दिसत नाही. त्याचे गेस्ट बरेचसे फोनवरून ठरतात. “हजार रुपये ॲडव्हान्स जीपेवर टाका, बाकी आल्यावर बघू.” हा गेस्ट खरोखर राहतो, मोदक खातो, पैसे देतो. तरी बुकिंगच्या संकेतस्थळावर तो लिहू शकत नाही, कारण तिथे त्याचे बुकिंगच नाही. उरतो नकाशाचा ॲप, जिथे न राहिलेलाही लिहू शकतो. मग निघताना गाडीत बॅगा चढत असताना मालकीणबाई क्यूआर कोडचा लॅमिनेट केलेला कार्ड पुढे करतात. “ताई, पाच स्टार द्या हं, आणि जेवणाचं थोडं लिहा.” हातात नुकतीच आमसुलांची पुडी ठेवलेली असते. तीन तारे द्यायचा धीर कोणाला होणार? रिव्ह्यू खरा, माणूस खरा, तारे भिडेचे.

याच सुमारास रिव्ह्यू लिहिणे ही ‘नोकरी’ही झाली. घरबसल्या हॉटेलांना पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, दर रिव्ह्यूला शे-दीडशे रुपये, असे मेसेज 2023 पासून पुण्या-मुंबईत फिरू लागले. पहिले पैसे खरोखर खात्यात येतात. मग टेलिग्रामच्या ग्रुपवर ‘प्रीपेड टास्क’, म्हणजे आधी स्वतः पैसे भरून करायची कामे, सुरू होतात, आणि त्यात लाखो रुपये गेल्याच्या तक्रारी सायबर पोलिसांकडे आल्या. तपास होतो तो गेलेल्या पैशांचा. त्या गडबडीत दिलेले पाच तारे चालू फोन नंबर असलेल्या, जित्याजागत्या माणसांनी दिलेले असतात.