शाळा व्यवस्थापन समिती: पालकांची निवड, लागणारे कागद आणि शाळा विकास आराखडा

शाळा व्यवस्थापन समितीत यायला छापील अर्ज नसतो, फी नसते, शिक्षणाची अट नसते. मूल त्या शाळेच्या पटावर असलं आणि पालक सभेत तुमच्या नावाला इतर पालकांनी संमती दिली की तुम्ही सदस्य. एवढं सोपं असल्यामुळेच ही निवड बऱ्याच ठिकाणी पालकांना कळायच्या आत उरकलेली असते. माझं नाव पहिल्यांदा यादीत आलं ते मला असंच कळलं. चौथीतला एक मुलगा रजिस्टर काखेत मारून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, सरांनी इथं सही मागितलीय." सभा कधी झाली, ठराव काय झाला, काहीच माहीत नव्हतं. मी सही केली. पुढची चार वर्षं मी त्या समितीवर होते, त्यातली शेवटची दोन अध्यक्ष म्हणून. न वाचता सही करायची नसते हे मी तिथंच शिकले. बाकी जे शिकले ते पुढे लिहिते आहे.

ही समिती कोणत्या शाळेत असते

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ नुसार जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका आणि शासनाच्या प्रत्येक शाळेत, तसंच अनुदानित शाळेत ही समिती हवी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांमध्ये तिचं काम सल्ला देण्यापुरतं राहिलं. जिल्हा परिषद किंवा पालिकेच्या शाळेत मात्र ती शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवते, विकास आराखडा करते आणि आलेलं अनुदान कुठं खर्च झालं ते तपासते. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. तिथल्या पालकांसाठी वेगळी सोय आहे, ती शेवटी सांगते.

कोण सदस्य होऊ शकतं

महाराष्ट्रात समिती १२ ते १६ जणांची असते आणि सचिव या आकड्यात धरत नाहीत. त्यात किमान ७५ टक्के पालक हवेत. म्हणजे १६ जणांची समिती असेल तर १२ पालक, १२ जणांची असेल तर ९. उरलेल्या जागांवर एक स्थानिक स्वराज्य संस्थेचा निवडून आलेला सदस्य, शिक्षकांनी आपल्यातून निवडलेला एक शिक्षक आणि पालकांनी निवडलेला एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा बालविकास तज्ज्ञ. दोन विद्यार्थीही बैठकीला बसतात, त्यातली एक मुलगी हवी. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच होतात. सरपंचांनी अध्यक्ष व्हायचं तर त्यांचं मूल त्या शाळेत शिकत असलं पाहिजे आणि पालक म्हणून त्यांची निवड झालेली असली पाहिजे, हे सभेत स्पष्टपणे सांगायला कचरू नका.

एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. वंचित गटातल्या आणि दुर्बल घटकातल्या मुलांच्या पालकांना पटावरच्या त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. साधारणपणे प्रत्येक इयत्तेचा एखादा पालक यावा अशी अपेक्षा असते. आई, वडील किंवा मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ करणारे पालक यांपैकी कुणीही चालतं. आईवडील बाहेरगावी कामाला असतील आणि मूल आजीकडे राहत असेल, तर शाळेच्या नोंदीत पालक म्हणून आजीचं नाव लावून घ्या, म्हणजे सभेत वाद होत नाही. अंगठा उठवणारी बाईही सदस्य होऊ शकते, अध्यक्षसुद्धा.

समितीची मुदत दोन वर्षं. मूल शाळा सोडून गेलं की पालक म्हणून असलेलं सदस्यत्व उरत नाही. म्हणून पाचवीपर्यंतच्या शाळेत सगळी समिती चौथी-पाचवीच्या पालकांची करू नका. वर्षभरात निम्मी रिकामी होते.

निवड कशी होते

मुख्याध्यापक सभेची सूचना काढतात, मुलांच्या वहीतून किंवा व्हॉट्सअ‍ॅप गटावर ती घरी येते. सूचनेत "समितीचं पुनर्गठन" हा विषय लिहिलेला आहे का ते पाहा. दोन वर्षं होत आली आणि सूचना आली नाही, तर मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर चार ओळी लिहा: मुदत अमुक तारखेला संपते, पालक सभा बोलवावी. दहा-बारा पालकांच्या सह्या घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. या कामात अर्ज म्हणावा असा कागद हा एवढाच.

सभेची वेळही महत्त्वाची आहे. सकाळी अकराची सभा म्हणजे मजुरीला जाणाऱ्या आईचा रोज बुडतो, आणि मग "पालकच येत नाहीत" असं बोललं जातं. आम्ही सभा शनिवारी शाळा सुटल्यावर ठेवायला लागलो. बाजाराचा दिवस मात्र कटाक्षानं टाळायचो. बायकांची संख्या लगेच वाढली.

सभेत इयत्तावार नावं सुचवली जातात. एका जागेसाठी जास्त नावं आली तर हात वर करून किंवा चिठ्ठीनं निवड करता येते. इतिवृत्त तिथंच लिहून, वाचून दाखवून मग सह्या घ्यायच्या. सदस्यांची यादी शाळेच्या दर्शनी फलकावर लावा.

कागद कोणते

सदस्य होण्यासाठी तुमच्याकडून मूल पटावर असल्याची नोंद पुरते आणि ती शाळेकडेच असते. वंचित किंवा दुर्बल घटकातून तुमची निवड होत असेल तर मुलाच्या नोंदीवरचा प्रवर्ग बरोबर आहे का तेवढं तपासा.

शाळेच्या दप्तरात मात्र पाच गोष्टी असल्या पाहिजेत: सभेची सूचना, उपस्थितीच्या सह्या, निवडीचं इतिवृत्त, सदस्य यादी आणि मासिक बैठकांचं रजिस्टर. अध्यक्ष बदलला की बँकेच्या खात्यावरची सही बदलते. त्यासाठी ठरावाची प्रत, नव्या अध्यक्षाचं आधार, पॅन आणि फोटो लागतात. हे काम पहिल्याच आठवड्यात उरका, नाहीतर अनुदान येऊन पडतं आणि सहीवाचून अडकतं.

शाळा विकास आराखडा

बैठका, पोषण आहाराची चव, शिक्षकांची उपस्थिती, शाळाबाह्य मुलं ही कामं समिती दर महिन्याला करते आणि केलीच पाहिजेत. पण गावातली गरज जिल्ह्याच्या नियोजनात पोचवणारा कागद एकच, शाळा विकास आराखडा. कलम २२ मध्ये तसं लिहिलं आहे: शासनाची किंवा स्थानिक प्राधिकरणाची (म्हणजे जिल्हा परिषद किंवा पालिकेची) योजना आणि अनुदान या आराखड्याच्या आधारावर ठरावं. शाळेचा आराखडा केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या कार्यालयात, जातो, तिथून तालुक्याला, तालुक्याचा जिल्ह्याला. समग्र शिक्षा अभियान ही केंद्र आणि राज्य मिळून चालवतात ती शालेय शिक्षणाची योजना. तिच्यात जिल्ह्याची वार्षिक कार्ययोजना आणि अंदाजपत्रक तयार होतं, ते राज्याच्या प्राथमिक शिक्षण परिषदेकडं आणि पुढं दिल्लीत मंजुरीला जातं. तुमच्या आराखड्यात जे लिहिलेलंच नाही, ते पुढच्या कुठल्याच टेबलावर दिसणार नाही.

आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात दर वर्षाचा वेगळा भाग असतो. त्यात चार गोष्टी लागतात: पुढच्या प्रत्येक वर्षी इयत्तावार किती मुलं असतील, किती शिक्षक जास्त लागतील, कोणत्या भौतिक सुविधा हव्यात आणि त्याला पैसा किती लागेल. आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तो तयार हवा. अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्या होऊन तो ३१ मार्चच्या आत स्थानिक प्राधिकरणाकडं पोचला पाहिजे. आम्ही तो नोव्हेंबरातच पुरा करायचो, कारण फेब्रुवारीत पोचलेला कागद त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बसवणं कठीण होतं.

मुलांचा अंदाज मनानं लिहू नका. अंगणवाडीत जाऊन तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुलांची यादी घ्या. पुढच्या तीन वर्षांची पहिली तिथंच बसलेली असते. शिक्षकांसाठी कायद्याच्या परिशिष्टात आकडे आहेत: पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. सहावी ते आठवीत दर ३५ मुलांमागे एक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा यांना प्रत्येकी किमान एक. आराखड्यात संचमान्यतेची (पटसंख्येवरून शासन ठरवतं ती) मंजूर पदं, भरलेली पदं आणि कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणं लागणारी पदं हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. मोघम "शिक्षक कमी आहेत" लिहिलं तर कुणी वाचत नाही.

सुविधांची यादीही त्याच परिशिष्टात आहे: प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, सुरक्षित पिण्याचं पाणी, दिव्यांग मुलांना अडथळ्याविना येता येईल असा रस्ता, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण, ग्रंथालय. यादी हातात घेऊन शाळेभोवती एक फेरी मारा.

आमचं अडलं होतं ते मुलींच्या स्वच्छतागृहावर. बांधलेलं होतं, फरशी होती, दारालाही कडी होती. पाणी नव्हतं. सहावी-सातवीच्या मुली दुपारी घरी जायच्या आणि त्यातल्या काही परत येत नसत. आधीच्या दोन आराखड्यांत "स्वच्छतागृह दुरुस्ती" असे दोन शब्द होते आणि दोन्ही वेळा काही आलं नाही. एका बैठकीत आम्ही यू-डायसचा, म्हणजे शाळेची माहिती दर वर्षी सरकारला कळवतात त्याचा, भरलेला फॉर्म मागून घेतला आणि सगळ्यांनी मिळून वाचला. त्यात मुलींचं स्वच्छतागृह "आहे" आणि "वापरात आहे" असं होतं. कागदावर जे वापरात आहे त्याला दुरुस्तीचा पैसा कोण देणार? कुणी मुद्दाम केलं नव्हतं, आदल्या वर्षीचीच माहिती पुढं आली होती. आम्ही ती नोंद दुरुस्त करून घेतली. टाकीपासून स्वच्छतागृहापर्यंत कासऱ्यानं अंतर मोजलं, नळाच्या दुकानातून पाइप, तोट्या आणि मजुरीचा अंदाज लिहून आणला, वरच्या वर्गातल्या मुलींची संख्या लिहिली, फोटो जोडला. तोच कागद ग्रामसभेत दिला आणि ग्रामपंचायतीच्या "आमचं गाव, आमचा विकास" आराखड्यात तो घेतला गेला. पुढच्या उन्हाळ्यात पाइप पडला. तेव्हापासून प्रत्येक नव्या सदस्याला माझं पहिलं सांगणं असतं की यू-डायस वाचा. त्यातली पटसंख्या ३० सप्टेंबरची धरतात, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरातच तो मागा.

ऊसतोडीला जाणाऱ्या गावांनी आणखी एक काळजी घ्यावी. आराखडा होतो त्या काळात हे आईवडील फडावर असतात. त्यांचं म्हणणं दसऱ्याच्या आधीच लिहून घ्या. मुलं मागं राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाची मागणी समितीच्या ठरावानं वेळेत गेली पाहिजे, कारण ते चालवायची जबाबदारीही समितीवरच येते.

पैसा

समग्र शिक्षातून शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. त्याचे टप्पे पटावर ठरलेले आहेत: ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००, १०१ ते २५० पर्यंत ५०,०००, २५१ ते १,००० पर्यंत ७५,००० आणि त्याहून मोठ्या शाळेला १,००,०००. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च व्हायला हवा. आपल्या शाळेच्या अनुदानाचा आकडा प्रत्येक पालकाला तोंडपाठ असावा असं मला मनापासून वाटतं. खर्चाआधी ठराव आणि खर्चानंतर बिलं समितीसमोर, ही शिस्त मुख्याध्यापकांच्याही भल्याची आहे. आमच्या मुख्याध्यापकांनी पुढं स्वतःच जमाखर्च फळ्यावर लिहायला सुरुवात केली आणि गावातली कुजबुज थांबली.

अडलं तर

आधी समितीच्या बैठकीत विषय लेखी मांडा आणि इतिवृत्तात यायला लावा. मग केंद्रप्रमुख, त्यानंतर पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. कलम ३२ नुसार मुलाच्या हक्काविषयी लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडं करता येते, तिचा निकाल तीन महिन्यांत अपेक्षित असतो, आणि त्यावरचं अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं जातं. आराखड्याची किंवा खर्चाची प्रत मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला ते दहा रुपयेही लागत नाहीत.

खासगी विनाअनुदानित शाळेतले पालक

तुमच्यासाठी महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम २०११ आहे. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत शाळेनं पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा असतो आणि त्यात प्रत्येक पालक सदस्य असतो. कार्यकारी समितीतले पालक सोडत काढून निवडतात, प्रत्येक इयत्तेचा एक. त्या समितीत निम्म्या महिला हव्यात. मुख्याध्यापक अध्यक्ष असतात, उपाध्यक्ष पालक असतो. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनानं सहा महिने आधी या समितीपुढं ठेवायचा आणि समितीनं ३० दिवसांत निर्णय द्यायचा. सोडतीची सूचना शाळेच्या फलकावर लागते. इच्छुक म्हणून नाव द्यायची तारीख पाहून ते लेखी द्या, पोच घ्या आणि सोडतीच्या दिवशी स्वतः हजर राहा.