डेन्मार्कच्या वीजजाळ्यातील पवनऊर्जा

समुद्रातले जगातील पहिले पवनक्षेत्र डेन्मार्कमध्ये विंडेबी येथे १९९१ साली उभे राहिले : ११ पवनचक्क्या, प्रत्येकी ४५० किलोवॅट. अलीकडे देशाच्या वार्षिक वीजवापराच्या निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळते आणि काही तास ही निर्मिती मागणीच्याही वर जाते. हे बॅटऱ्यांच्या बळावर साधलेले नाही. शेजारी देशांशी असलेल्या जोडण्या, उष्णतेची साठवण आणि लवचीक औष्णिक केंद्रे हा त्याचा आधार आहे.

देशाचा पश्चिम भाग, म्हणजे जटलंड व फ्यून, युरोपच्या मुख्य भूमीच्या जाळ्याशी, तर पूर्व भाग, म्हणजे झीलंड, नॉर्वे-स्वीडनकडच्या नॉर्डिक जाळ्याशी एकाच तालात चालतो. स्टोरबेल्ट सामुद्रधुनीखालून ६०० मेगावॅटची एकदिश प्रवाहाची केबल २०१० मध्ये सुरू झाली, तेव्हा कुठे हे दोन भाग एकमेकांना जोडले गेले. सर्वांत मोलाची जोडणी नॉर्वेची. दोन देशांमधल्या स्कॅगेराक समुद्राखालील चार केबलांची क्षमता सुमारे १,७०० मेगावॅट आहे. डेन्मार्कमध्ये वारा जोरात असला की नॉर्वे ती वीज घेतो आणि आपली जलविद्युत निर्मिती कमी करतो. धरणात राहिलेले पाणी वारा पडल्यावर कामी येते. पाणी पंपाने वर चढवावे लागत नाही, हा यातला मोठा फायदा. जर्मनीवर तितके विसंबता येत नाही. उत्तर जर्मनीत वारा बहुधा त्याच वेळी वाहतो, तिथल्या वाहिन्यांवर ताण येतो आणि बाजारभाव कधी कधी शून्याखाली जातो. म्हणूनच २०२३ अखेर सुरू झालेली ब्रिटनपर्यंतची १,४०० मेगावॅटची व्हायकिंग लिंक महत्त्वाची ठरते.

सुमारे दोन तृतीयांश घरांना नळांतून येणाऱ्या सामूहिक गरम पाण्याने ऊब मिळते. वीज आणि उष्णता एकत्र तयार करणारी केंद्रे पूर्वी उष्णतेच्या मागणीप्रमाणे चालत. त्यामुळे थंड, वादळी रात्री नको असलेली वीजही तयार होई. आता गरम पाण्याच्या मोठ्या टाक्या भरून ठेवून केंद्र बंद ठेवता येते, वाफ टर्बाइन टाळून थेट उष्णतेकडे वळवता येते, आणि वीज स्वस्त असली की विजेवरचे बॉयलर चालवता येतात.

खरी कसोटी अंदाजाची. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. मध्यम वाऱ्यात वेगाचा अंदाज १० टक्क्यांनी चुकला, तर निर्मिती सुमारे ३३ टक्क्यांनी चुकते. त्यामुळे आदल्या दिवशीच्या बाजारात ठरलेले वेळापत्रक प्रत्यक्ष दिवशी वारंवार दुरुस्त करावे लागते. वादळात धोका उलटा असतो : सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाला चक्क्या स्वतःच्या बचावासाठी थांबतात. ८ जानेवारी २००५ च्या वादळात पश्चिम डेन्मार्कमधील बहुतेक पवननिर्मिती काही तासांत अशीच नाहीशी झाली. नव्या चक्क्या एकदम न थांबता निर्मिती हळूहळू उतरवतात.

मोठी औष्णिक केंद्रे बंद असली की जाळ्याचा ताल स्थिर ठेवणारे जनित्रांचे फिरते वजन घटते आणि बिघाडाच्या वेळी मिळणारा प्रवाहही कमी पडतो. मग संरक्षक रिले, म्हणजे बिघडलेला भाग तोडणारी उपकरणे, तो बिघाड ओळखण्यात चुकू शकतात. ही उणीव भरून काढण्यासाठी पारेषण कंपनी एनर्जीनेटने सिंक्रोनस कंडेन्सर बसवले आहेत. ही यंत्रे इंधनाविना फिरत राहून व्होल्टेज सावरतात.